वर्षभर मांडलेल्या बाहुल्या

मिझुओच्या किल्ल्यात शिरायचं तर आधी वाकावं लागतं. तिकिटाची खिडकी फार खाली आहे. ज्यांनी ती केली त्यांनी आत बसणाऱ्याचा विचार केला, बाहेर उभ्या राहणाऱ्याचा नाही. त्यामुळे येणारा प्रत्येक पाहुणा कुवाबारा सुमिए-सानसमोर कमरेत वाकायचा.

"एवढा मान किल्ल्याच्या धन्यालाही मिळाला नसेल," असं त्या म्हणायच्या.

खिडकीआड त्यांचा संसार होता. पायाशी छोटा हीटर. गुडघ्यांवर चौकड्यांचं पांघरूण. टोपलीत संत्री. किल्ल्याचा लाल शिक्का, आणि शाई वाळू नये म्हणून गादीवर ओलं फडकं. पाहुणे बूट काढून सपाता घालायचे आणि जाताना त्या कशाही टाकून जायचे. सुमिए-सान दर तासाला उठून सगळ्या सपाता सरळ लावायच्या, पुढच्या माणसाचा पाय सहज जाईल अशा.

आमचा किल्ला सिमेंटचा आहे. जुना वीज पडून जळाला. माझे आजोबा तरुण असताना गावाने वर्गणी काढून हा उभा केला. बाहेरून पांढरा, आतून शाळेसारखा. शहरातून आलेले लोक भिंतीवर टकटक करून बघतात आणि म्हणतात, "अरेरे, हा तर खोटा."

सुमिए-सान तिकीट देता देता विचारायच्या, "आपलं घर लाकडाचं का?"

"नाही, फ्लॅट आहे."

"मग तिथे खरंच राहता ना?"

बहुतेक जण हसायचे. एखादा चिडलाच, तर त्या त्याला संत्रं द्यायच्या.

मी त्याच किल्ल्यातल्या संग्रहालयात मदतनीस होते. साहित्याची पदवी घेतली, शहरात जम बसला नाही, गावी परत आले. काम वस्तूंखालच्या पाट्या लिहिण्याचं. खालच्या, पहिल्या मजल्यावर शेतीची अवजारं आणि बर्फातले गवती बूट. दुसऱ्यावर चिलखतं. तिसऱ्यावर बाहुल्या. चौथ्यावर नुसता वारा, आणि खाली नदी. माझी पहिली पाटी वाचून सुमिए-सान म्हणाल्या, "किती लांब लिहितेस गं, चिसे-चान. माणसं उभ्याने वाचतात. पाय दुखतात त्यांचे."

तेव्हापासून मी छोटी वाक्यं लिहिते.

त्या एकसष्ट वर्षांच्या होत्या आणि मी सव्वीस. तरी आमची मैत्री झाली. दुपारचा डबा आम्ही एकत्र खायचो. लग्न न केलेली बाई गावात कशी राहते, हे मी त्यांच्याकडे पाहून शिकत होते. त्यांना ते माहीत होतं. त्या कधी बोलल्या नाहीत.

तिसऱ्या मजल्यावरच्या बाहुल्या त्यांच्याच होत्या. सात पायऱ्यांची लाल मांडणी. सगळ्यात वर राजा-राणी, खाली तीन दासी, मग पाच वादक, मग बाकीचे. त्यांच्या जन्माच्या वेळी आजोळहून आलेल्या. काचेखाली पितळी पट्टी होती: कुवाबारा इने यांच्याकडून. इने म्हणजे सुमिए-सानची आई.

आमच्याकडे मुलगी असलेल्या घरात मार्चच्या तीन तारखेला बाहुल्या मांडतात. सण झाला की लगेच आवरायच्या. जितका उशीर होईल तितकं मुलीचं लग्न लांबतं म्हणतात. मनापासून कोणी मानत नाही. पण चार तारखेला गावातल्या एकाही घरात बाहुली दिसत नाही.

आणि सुमिए-सानच्या बाहुल्या किल्ल्यात बारा महिने मांडलेल्या होत्या.

यावरून गावात एक ठरलेला विनोद होता. तो इने-आजींनीच सुरू केला होता. मी स्वतः तो तोफूच्या दुकानात ऐकला. आजी अठ्ठ्याऐंशीच्या, चाकांची गाडी ढकलत आलेल्या. सुमिए-सान पिशवी धरून मागे. दुकानात गावात नवीन आलेली एक बाई होती. तिने सहज विचारलं, "मुलगी एकटीच का? लग्न नाही झालं?"

आजींनी मोठा सुस्कारा सोडला. "काय सांगू बाई. बाहुल्या किल्ल्याला देऊन बसले. तिथे वर्षभर मांडलेल्या. आवरतंय कोण? मग पोरीचं कसं जमणार?"

सगळं दुकान हसलं. विचारणारीही हसली. मग आज तोफू मऊ घ्यावा की घट्ट, यावर बोलणं गेलं.

सुमिए-सान हसल्या नाहीत. टाकीतल्या पाण्यात तोफूच्या वड्या हलत होत्या. त्या तिकडे पाहत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना मला राहवलं नाही. म्हटलं, "तुम्हाला राग नाही येत?"

त्यांनी भाताचा गोळा अर्धा मोडला. "तीस वर्षं ऐकतेय. तांदूळवाल्याकडे, दवाखान्यात, स्मशानातसुद्धा. एकदा तर बाबांच्या वर्षश्राद्धाला."

"पण तुमचं खरंच जमलं नाही, की..."

"दोन स्थळं आली होती. दोन्ही मीच नाकारली." त्या खिडकीबाहेर बघून म्हणाल्या. "निशिओ-सान म्हणून मध्यस्थ होत्या. त्यांच्या पाया पडले. म्हटलं, आईला सांगा की मुलाकडच्यांनीच नकार दिला. तिला वाईट वाटायला नको, की तिची पोरच अशी. निशिओ-सान तयार झाल्या."

"मुलं वाईट होती का?"

"छे. पहिला चांगला होता. दुसरा त्याहून चांगला. साके गाळणाऱ्यांच्या घरातला, हसरा. पण मला संध्याकाळी घरी यावं, मोजे बदलावेत, रेडिओ लावावा, एवढंच आवडतं. तिसरं माणूस कुठे बसवायचं ते कळेना."

"दुसरं."

"आई आहे ना," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी डब्याचं झाकण लावलं. हीटर टिकटिक करत होता.

"आईच्या लेखी मी बिघडलेली वस्तू आहे, चिसे-चान. तिच्या हातून काहीतरी चुकलं म्हणून मी अशी राहिले. ती गमतीत सांगते, पण सांगते तेच. माझं काय, मला इथे बरं वाटतं. नोव्हेंबरात एकटी गरम झऱ्यांना जाऊन येते. तेही बरं वाटतं. फक्त तिने एकदा म्हणावं, सुमी, तुझं चांगलं चाललंय. बस. डोळे मिटायच्या आत एकदा."

हे त्या जानेवारीत बोलल्या. फेब्रुवारीत इने-आजी दवाखान्यात होत्या. हृदय थकलंय, असं डॉक्टर म्हणाले. घरी सोडलं, पण जिने चढू नका म्हणून बजावलं.

त्याच सुमारास बातमी आली. किल्ल्याचं सिमेंट म्हातारं झालं होतं. मोठ्या भूकंपात टिकणार नाही, असा अहवाल आला. एप्रिलपासून किल्ला बंद, दुरुस्ती, किती वर्षं ते कोणी सांगेना. संग्रहालयातल्या वस्तू बांधून जिल्ह्याच्या कोठारात जाणार. ज्यांनी वस्तू दिल्या होत्या त्यांच्या घरी जाऊन तसं सांगणं, हे काम माझ्याकडे आलं.

कुवाबारांच्या घरी मी संध्याकाळी गेले. टेबलाखाली लावलेल्या हीटरची ऊब होती, वर मुळ्याचं लोणचं आणि चहा. मी सांगितलं. आजींनी शांतपणे ऐकलं.

"बाहुल्या कोण बांधणार?" त्यांनी विचारलं.

"मी, आजी. सांभाळून बांधीन."

"मी बांधणार."

सुमिए-सानने कप खाली ठेवला. "आई. तीन मजले आहेत. लिफ्ट नाही."

"माहीत आहे. बांधताना पाहिलाय मी तो."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"हळूहळू चाला म्हणाले. हळूहळूच चढेन."

"जिने चढू नका म्हणाले!"

"ते तू ऐकलंस. मला तेव्हा कमी ऐकू येत होतं."

मी हसले. सुमिए-सान हसल्या नाहीत. त्यांचा आवाज बारीक झाला. "म्हणजे शेवटी एकदा तुला ते निस्तरायचंय. आवरायच्या राहिल्या म्हणून पोर राहिली, हेच ना? आता आवरशील आणि हात झटकशील. मी काय तुझी चूक आहे का, आई?"

आजींनी लोणच्याची बशी माझ्याकडे सरकवली. "घे गं, चिसे-चान. चहा गार होतोय तुझा."

सुमिए-सान उठून आत गेल्या. आतून नळाचा आवाज येत राहिला. भांडी तर सगळी टेबलावरच होती.

मी आमच्या संचालकांशी बोलले. ओगुरो-सान पन्नाशीचे, नियमाचे पक्के. आधी नाहीच म्हणाले. दिलेली वस्तू संग्रहालयाची, तिला बाहेरच्याचा हात लागता कामा नये. मग आजी स्वतः फोनवर आल्या. काय बोलल्या मला ठाऊक नाही. ओगुरो-सान फक्त "हो... हो... तेव्हा मी दुसरीत होतो... हो," एवढंच म्हणत होते. फोन ठेवून म्हणाले, "तीन तारखेला, दुपारी. हातमोजे घालायला लावा."

तीन तारखेला सकाळी बालवाडीची मुलं बाहुल्या बघून गेली. दुपारी आजी आल्या. निळा किमोनो, वर लोकरीची शाल. खिडकीसमोर आल्या. त्यांना वाकावं लागलं नाही. त्या वाकलेल्याच होत्या.

"एक तिकीट," त्या म्हणाल्या.

"तुला तिकीट लागत नाही," सुमिए-सान वर न बघता म्हणाल्या.

"मला हवंय. शिक्का मार नीट. मागच्या वेळी अर्धाच उठला होता."

सुमिए-सानने शिक्का मारला. पूर्ण उठला.

चढायला फार वेळ लागला. मी खालून एक खुर्ची घेतली होती. दर थोड्या पायऱ्यांनी खुर्ची टेकवायची, आजी बसायच्या, श्वास घ्यायच्या. चिलखतांच्या मजल्यावर त्या म्हणाल्या, "यातलं एक आमच्या शेजाऱ्यांनी दिलंय. त्यांच्या घरात कधी सामुराई नव्हता. जत्रेत घेतलं होतं."

"आजी, हे मला कोणी सांगितलं नाही."

"पाटी बदलू नकोस. त्यांची नातवंडं बघायला येतात."

तिसऱ्या मजल्यावर मी दोरी लावून जागा राखली होती. खाली चादर, मऊ कागद, लाकडी खोकी. मी काच सरकवली. हातमोजे पुढे केले. आजींनी ते घेतले, बघितले, माझ्या खिशात परत ठेवले. बाटलीतल्या पाण्याने हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले.

मग त्यांनी बांधायला घेतलं. मी नुसती बघत राहिले. खालच्या पायरीपासून सुरुवात. बाहुलीच्या हातातली वस्तू आधी काढायची. मग चेहऱ्यावर कागदाची पट्टी, नाक दबणार नाही इतकी सैल. बाह्यांमध्ये कागदाचे बोळे. मग पूर्ण गुंडाळायची, तान्ह्या बाळासारखी. प्रत्येकीला खोक्यात ठेवताना त्या पुटपुटायच्या, "दमलीस. झोप."

वादक झाले. दासी झाल्या. तेवढ्यात पायऱ्यांवर पावलं वाजली. सुमिए-सान होत्या. ओगुरो-सानने त्यांना खिडकीतून उठवून वर पाठवलं होतं आणि स्वतः तिथे बसले होते. त्या दोरीच्या बाहेर उभ्या राहिल्या. हाताची घडी.

"झालं समाधान?" त्या म्हणाल्या. "आता येईल का कोणी मला मागणी घालायला?"

आजी राजाच्या हातातली काठी काढत होत्या. "आता कोण येतंय. आणि आला तरी काय उपयोग. तू त्यालाही त्या दोघांसारखं हाकलशील."

मी आजींकडे बघितलं. मग सुमिए-सानकडे. त्यांची घडी सुटली होती.

"काय म्हणालीस?"

"त्या दोघांना हाकललंस ना. साकेवाल्याचा पोरगा चांगला होता हो. दात मोठे होते, पण चांगला."

"तुला माहीत होतं?"

"निशिओ-सानच्या पोटात कधी काही राहिलंय का? तुला वचन दिलं आणि त्याच संध्याकाळी मला सांगून गेल्या. वर दोन वाट्या सूप पिऊन गेल्या."

सुमिए-सान दोरीखालून आत आल्या. दोरी सोडायचंही त्यांना सुचलं नाही. "मग बाहुल्यांचं का सांगत फिरलीस? सगळ्या गावाला? इतकी वर्षं?"

"लोक विचारायचे," आजी म्हणाल्या.

"म्हणून माझी चेष्टा?"

"तुझी कुठे? बाहुल्यांची." त्यांनी राजाच्या चेहऱ्यावर कागद ठेवला. "तुला आठवत नाही. तू लहान होतीस तेव्हा नदीपलीकडे एक तोमिको होती. तिनेही नाही म्हटलं होतं लग्नाला. लोक विचारायचे, तिची आई गप्प बसायची. मग लोकांनीच उत्तरं शोधली. पोरीत खोट आहे. कुठे अडकली होती. आजार आहे. पोरगी रस्त्यावरून जाईना झाली. पुढे गावच सोडलं तिने." कागदाची गाठ त्यांनी सैल करून पुन्हा बांधली. "मी विचार केला, लोकांना उत्तर लागतं. तर देऊन टाकावं एक. हसण्यासारखं. बाहुल्या राहिल्या मांडलेल्या, असं म्हटलं की लोक हसायचे आणि कोबी घेऊन घरी जायचे. पुढे कोणी विचारायचं नाही. तुला विचारलं का कोणी? एकदा तरी?"

सुमिए-सान आठवत होत्या. मला ते दिसत होतं. त्या वर्षामागून वर्ष उलटून बघत होत्या. त्यांनी हळूच मान हलवली. नाही.

"आणि किल्ल्याला दिल्या त्या?"

"घरात ठेवल्या असत्या तर चार तारखेच्या आत आवराव्या लागल्या असत्या. मग मी काय सांगितलं असतं लोकांना? तेव्हाच्या संचालकांना मी आधी विचारलं होतं. वर्षभर मांडून ठेवाल ना? हो म्हणाले. मगच दिल्या."

मी भिंतीला टेकले. मी त्या बाहुल्यांची पाटी लिहिली होती. कापड कुठलं, चेहरे कोणत्या पद्धतीचे, सगळं तपासून लिहिलं होतं. त्या इथे कशाला बसल्या आहेत हे गावात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस तोफूच्या दुकानात सुस्कारे सोडत होतं.

सुमिए-सान खाली बसल्या. चादरीवर, खोक्यांच्या मधोमध. त्या आनंदल्या नव्हत्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तूही हसली असतीस दुकानात. मग कोणाला खरं वाटलं असतं?"

"मला वाटलं तुला लाज वाटते माझी! तीस वर्षं, आई! मी तुझ्यामागे पिशवी धरून उभी राहायचे आणि मला वाटायचं..."

आजींचे हात थांबले. त्या दिवशी पहिल्यांदाच. त्यांनी मुलीकडे बघितलं. त्यांच्याकडे एवढ्या वर्षांचं एकच उत्तर तयार होतं आणि ते इथे चालणार नव्हतं.

"असं वाटेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तुला कळत असेल."

वरच्या मजल्यावरून वाऱ्याचा आवाज येत होता. कोणीतरी तिथे फोटो काढत होतं.

आजींनी वरच्या पायरीवरून राणी उतरवली. शेवटची. दोन्ही हातांनी सुमिए-सानपुढे धरली.

"घे. मानेला नको धरूस. मान निघते. डोक्याला आणि पाठीला."

सुमिए-सानने नाक पुसलं आणि राणी घेतली. खालच्या खिडकीत त्या अर्धं आयुष्य बसल्या होत्या. या बाहुल्यांना त्यांनी लहानपणानंतर हात लावला नव्हता. मी कागद दिला. त्यांनी पट्टी घट्ट बांधली, आजींनी सैल केली. पुन्हा घट्ट झाली, पुन्हा सैल केली.

"आताच का?" सुमिए-सानने विचारलं. "कोठारात तशाही गेल्या असत्या बांधूनच."

"विचारणाऱ्या सगळ्या गेल्या. निशिओ-सान गेल्या, तांदूळवाली गेली. तोफूच्या दुकानातली ती बाई शेवटची. आता कोणाला काय पडलंय? लग्न न केलेल्या पोरी गल्लीगल्लीत आहेत. ही बघ एक." त्यांनी हनुवटीने मला दाखवलं. "या बाहुल्यांनी फार काम केलं. बसून बसून कंबर मोडली असेल बिचाऱ्यांची. म्हटलं, दुसऱ्या कोणी बांधण्यापेक्षा मी बांधावं. मी बसवलं, मी उठवते."

खोक्याचं झाकण लागलं. आजींनी त्यावर तळहात ठेवला, मग काढला.

उठायला गेल्या तर उठवेना. गुडघे धरले होते. ओठ थोडे निळसर दिसले. मी खुर्ची आणली, बसवलं, पाणी दिलं. रंग परत आला. पण त्या पायऱ्या उतरू शकणार नाहीत हे आम्हा दोघींनाही दिसत होतं. मी म्हटलं, ओगुरो-सानना बोलावते, खुर्चीसकट उतरवू.

"नको," सुमिए-सान म्हणाल्या. त्यांनी सपाता काढल्या, पाठ फिरवून आईसमोर उकिडव्या बसल्या. "चल. बस."

"वेडी आहेस का? एकसष्टची झालीस."

"तू किती किलोची? मुळ्याच्या जुडीएवढी. बस म्हटलं ना."

आजींनी माझ्याकडे बघितलं. मग दोन्ही हात मुलीच्या गळ्यात टाकले. सुमिए-सानने शाल दोघींभोवती बांधायला सांगितली. मी बांधली. एक हात कठड्यावर, एक हात आईखाली. मी पुढे, उलट्या पावलांनी, हात पसरून.

"हळू," आजी म्हणाल्या.

"हळूच चाललेय."

"तुझे केस पातळ झालेत गं मागून."

"आई, बोलू नकोस. दम लागतो."

"मला नाही लागत."

चिलखतांच्या मजल्याच्या वळणावर एक म्हातारं जोडपं वर येत होतं. दूरच्या गावचं असावं, गळ्यात कॅमेरा. आम्हाला पाहून ते भिंतीला चिकटून उभे राहिले आणि दोघांनी मान झुकवली. सुमिए-सानला मान हलवता येत नव्हती. त्यांच्या कपाळावर घाम होता.

आजींनी त्यांच्या खांद्यावरून डोकं वर काढलं.

"ही माझी मुलगी," त्या म्हणाल्या. कोणी विचारलं नव्हतं. "तिकीट हिच्याकडूनच घेतलंत ना?"

"नाही," तो गृहस्थ म्हणाला, "खाली एक साहेब होते. त्यांनी शिक्का उलटा मारला."

"तो आजच्यापुरता आहे. एरवी ही असते. उतरलात की हिच्याकडून पुन्हा मारून घ्या. हिचा सरळ उठतो." मग जरा थांबून म्हणाल्या, "लग्न नाही केलं हिने. नको होतं तिला."

ती बाई गोंधळून म्हणाली, "हो का? छान."

"हो ना. छान चाललंय तिचं."

सुमिए-सान पायरीवर थांबल्या. मी हात पुढे केले, मला वाटलं पाय घसरला. पाय घसरला नव्हता. त्या नुसत्या उभ्या होत्या, कठडा घट्ट धरून, डोळे मिटून.

"थांबलीस का?" आजींनी विचारलं. "जड झाले?"

"नाही," सुमिए-सान म्हणाल्या, आणि पुढची पायरी उतरल्या.